नाव न सांगणारे दोघे

"नाव सांगून येणाऱ्यायचा मले राग नाही," इंद्रभान म्हणाले. "हे लपूनछपून येणारे कोण, ते सांग."

धम्मशीलाने संगणकाचा पडदा मामांकडे वळवला. लोणारच्या स्टँडसमोर तिचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मामा स्टुलावर येऊन बसत आणि एकच विचारत, आईच्या पानांकडे कोण फिरकलं?

मामांची आई म्हणजे जनकाबाई. दुसरबीडच्या रस्त्यावर खडी फोडून तिने पोरं शिकवली आणि उतारवयात स्वतः अक्षरं गिरवली. ती गेल्यावर इंद्रभानांनी तिचं आयुष्य लिहून काढलं. छापायची हिंमत झाली नाही. गावात कुणाला सांगायचाही संकोच. शेवटी भाचीने त्याची वेबसाइट करून दिली, प्रत्येक प्रकरणाला एक पान. एका तरी माणसाने ते मनापासून वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. कुणीच वाचत नसेल, तर पानं उतरवून टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

येत होती ती बहुतेक यंत्रंच. माणसासारखं बोलता यावं म्हणून जगभरचं लिखाण गोळा करत फिरणारी. ती दारात आपलं नाव सांगत, भराभरा सगळी पानं उचलत आणि निघून जात. धम्मशीला त्यांना ओळखून बाजूला काढी. उरले होते दोघे.

"दोघंही स्वतःले मोबाइल म्हणवून घेतात," ती म्हणाली. "पण तसं सोंग यंत्रंही घेतात, मामा."

"येतात कवा?"

"एक रोज दिवेलागणीले येते. एकच पान उघडते. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचं. मागं वळून पाहणं नाही, काही नाही. दुसऱ्याचा काही नेम नाही. शेवटचं पान आधी, मंग मधलं. आजीच्या लग्नाच्या पानावर तर कितीकदा आला."

इंद्रभान हसले. सगळी नोकरी त्यांनी याच स्टँडवर एसटीचे कंट्रोलर म्हणून काढली होती. पुस्तकात डोकं घालून बसतो म्हणून चालक-वाहक त्यांची थट्टा करत. आपल्याला फार काही कळतं, असं त्यांना स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं. या एका बाबतीत मात्र त्यांची खात्री होती.

"पोरी, माणूस कधी टायमावर येते काय? गाडीच्या आधी येऊन ताटकळत बसते, नाही तर गाडी सुटल्यावर बोंबलत मागं पळते. तो दिवेलागणीवाला यंत्र आहे. आन् हा दुसरा माणूस. माह्याकडून लिहून घे."

"हाव कंट्रोलर साहेब! पण राहू द्या ना त्या बिचाऱ्याले. खाऊन थोडीच राह्यला काही?"

"तुझी आजी काय कोणाच्या मशीनले शिकवाले खडी फोडत होती? लाव दार."

धम्मशीलाने दार लावलं. दिवेलागणीवाला त्या संध्याकाळपासून बंद झाला.

पुढच्या दिवसांत मामांची चालच बदलली. एका माणसासाठी लिहायचं तर नीट लिहावं, म्हणून लग्नाच्या पानात राहिलेली हकिकत त्यांनी भरली. वरातीची बैलगाडी चिखलात रुतली, तेव्हा नवरीने खाली उतरून चाकाला हात लावला होता. तो दुसरा आला, वाचून गेला, पुन्हा आला. त्या दिवशी इंद्रभानांनी स्टँडवरून भाचीसाठी गरम आलुबोंडे आणले.

"वाचणाऱ्याच्या नावानं खा," ते म्हणाले.

मग एका संध्याकाळी ते दुकानात शिरले, तर धम्मशीलाने मान वर केली नाही.

"काय झालं वं?"

"तुमच्या माणसाचा पत्ता लागला, मामा." ती पडद्याकडेच बघत होती. "एकाच घडीले तो हजारो वेबसाइटवर असते. नवं यंत्र आहे. मुद्दाम माणसावाणी वाचते, कोणाले ओळखू येऊ नये म्हणून. आज लोकायनं पकडलं त्याले."

इंद्रभान स्टुलावर टेकले. 

"म्हणजे कोणीच नाही," ते म्हणाले.

"आज नाही तर उद्या येईल कोणी, मामा."

"मले पहिलेच वाटलं होतं, कोण वाचते आपलं! उतरव पानं."

तिने विनवलं, रागावून पाहिलं. ते ऐकेनात. नाइलाजाने तिने माऊस हातात घेतला. तेवढ्यात इंद्रभानांचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. एक बाई बोलत होती.

"जनकाबाईचे इंद्रभान काय हो? जयभीम दादा. मी अनुपमा, दुसरबीडहून. नंबर तुमच्या पहिल्या पानावरून उतरवून घेतला होता."

"जयभीम. बोला ताई."

"इतके दिवस वाट पाह्यली, तुमची पानं उघडून काऊन नाही राह्यली? आमचा वर्षावास चालू आहे न. दिवेलागणीले विहारात वंदना झाली, ग्रंथ वाचून झाला, की मंग रोज एक पान तुमच्या मायचं वाचतो. बंद पडलं तसं बाया मले उठूच नाही देत. थांबा, फोन ठेवू नका, माईकजवळ धरते. माय पहिल्यांदा पाटी-पेन्सिल घेऊन निघाली होती. त्याच्या पुढचं तुम्हीच वाचा."