फाटकाला बाबांचं नाव

आदरांजलीची भाषणं संपत आली, तेव्हा शेजारच्या अनंतरावांनी रेखाचा विषय काढला.

दीक्षा त्याची वाटच पाहत होती. भन्तेजी भोजनदान घेऊन गेले होते. मंडपात आता कॉलनीतलेच लोक उरले होते, बहुतेक रेल्वेतून रिटायर झालेले. समोर पांढऱ्या फुलांत बाबांचा फोटो. मागच्या दाराशी रेखा भांडी घासत होती.

"मारोतरावले खरी आदरांजली द्यायची असंल," अनंतराव माइकमध्ये म्हणाले, "तर कॉलनीच्या फाटकाले त्यांचं नाव देऊ. अन् त्यांच्याच घरात जी बाई घुसून बसली, तिले आधी बाहेर काढू."

टाळ्या वाजल्या. पुण्यानुमोदनाला टाळ्या वाजवत नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मारोतराव मेश्राम म्हणजे कॉलनीचा पहारा. दर रविवारी फाटकाजवळच्या बाकावर बसून ते घुसखोरांवर बोलत. सीमा म्हणजे घराचा उंबरठा, न विचारता आत आला तो चोर, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आवाज असा की तेलीबांध्याच्या तलावातल्या माशांनाही ऐकू जावा, असं लोक हसत. नवा भाडेकरू आला की ते त्याचं गाव, जिल्हा, आजाचं नाव विचारून घेत.

दीक्षा त्यांच्याशी भांडायची. "पहारा असू द्या, बाबा. पण पळून आलेल्या माणसाला चोर म्हणायच्या आधी, तो कशाच्या भीतीनं पळाला ते तरी विचारा."

"तुले नाही समजणार," एवढंच ते म्हणायचे आणि उठून जायचे.

तेलीबांध्याच्या तलावात नाव सुरू झाली, तेव्हा ती त्यांना हौसेनं घेऊन गेली होती. ती एकटीच बसली. नाव परत येईपर्यंत बाबा काठावर पाण्याकडे पाठ करून उभे होते. आता ती पाठच तिला सारखी आठवत होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. वाचा गेली, असं दीक्षानं सगळ्यांना सांगितलं आणि भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं. बाबांचं सगळं करायला रेखाला ठेवलं ते तेव्हाच. रेखा जगदलपूरच्या पुढची. तिच्या बोलीतला हेल कॉलनीतल्या लोकांना परका वाटायचा. घर पुरात गेलं, त्यात कागदही गेले, असं ती सांगायची.

"दीक्षा, तूच सांग," अनंतराव म्हणाले. "आहे तिच्यापाशी एखादा कागद?"

"नाही."

"गावचा पत्ता?"

"आहे. जाऊन विचारून या."

"आम्ही काहून जाऊ? हे बरं आहे!" मागून शांताबाई बोलल्या. "अन् रेखा काय, कोणीही ठेवून घेते असं नाव."

"हो, काकू," दीक्षा म्हणाली. "नाव कुणालाही ठेवून घेता येतं."

"ठाण्यात फोन केला आहे मी," अनंतराव म्हणाले. "गाडी येऊन राहिली."

रेखाचा हात थांबला. पदराला हात पुसत ती उठली. "मोर सेती बाबूजी के काम झन बिगड़य, दीदी," ती तिच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मैं जात हंव."

"तुझ्यामुळं बाबांच्या कार्यात काही बिघडत नाही. कुठं जायचं नाही."

दीक्षानं तिचा ओला हात धरला, मंडपातून पुढं आणलं आणि फोटोशेजारच्या, घरच्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं.

"बाबांना शेवटपर्यंत हिनं भरवलं, हिनं धुतलं. तुमच्यातलं कुणी नव्हतं. गाडी आली तर आधी मी बसेन."

"बापाच्या फोटोसमोर अशी बोलून राहिली तू? काय वाटलं असतं त्यांले?"

"मलाही तेच विचारायचं होतं त्यांना."

अनंतरावांनी मान हलवली आणि खिशातून मोबाइल काढला. "मले हे करायचं नव्हतं, पोरी. मारोतराव होते तेव्हाच, एका दुपारी माझ्या मागच्या गॅलरीतून भरलं. तुमची खिडकी उघडी होती."

त्यांनी मोबाइल माइकला लावला. एक बारीक, रडवेला आवाज मंडपभर पसरला.

"मा गो, आमि नौकात उठुम ना... मा गो..."

त्यांनी तिथंच बंद केलं.

"खडगपूरले नोकरी केली मी. बंगाली मले समजते. 'आई, मी नावेत नाही चढत', असं आहे हे. अन् खडगपूरकडचे लोक 'उठबो' म्हणतात. 'उठुम' म्हणणारे पद्मा नदीच्या पलीकडचे, सीमेपारचे. घरात तुम्ही तिघंच. तुले बंगाली येत नाही. मारोतरावची वाचा गेलेली. मंग राहिलं कोण?"

सगळे रेखाकडे पाहू लागले. रेखा दीक्षाकडे पाहत होती. फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज आला.

दीक्षानं फोटोकडे पाहिलं. नवा सदरा, ताठ मान. हा फोटो बाबांनी स्वतः निवडून ठेवला होता. ती गप्प बसली तर संध्याकाळपर्यंत फाटकावर त्यांच्या नावाची पाटी लागणार होती.

"पुढचंही लावा, काका."

"पुढचं काय?"

"तुम्ही मध्येच बंद केलंत."

"मी एवढंच ऐकलं. पुरे झालं मले एवढं."

"मी रोज ऐकत होते," दीक्षा म्हणाली. तिनं मोबाइल त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः माइकजवळ धरला.

तोच बारीक आवाज पुन्हा आईला हाका मारू लागला. आणि त्याच्यावरून दुसरा, घोगरा आवाज आला.

"का कहत हव, बाबूजी? मोला नइ समझ आवय. लेवव, पानी पी लव."