स्मृतिदगडापुढे

ओसाकातल्या आमच्या प्रयोगशाळेमागे, प्रयोगांत गेलेल्या डुकरांचा स्मृतिदगड आहे. दर शरदात आम्ही तिथे शेवंती वाहून माना झुकवतो. यंदा रांगेत एक अनोळखी म्हातारा शिरला, धापा टाकत.

"मी कुवाबारा. अटॅकनंतर माझं निम्मं हृदय मेलंय. डॉक्टरांनी महिनाच दिलाय. ज्यांच्या हृदयात तुम्ही नवे स्नायू वाढवलेत, ती डुकरं हीच ना?"

"हो. पण माणसांसाठी अजून परवानगी नाही हो."

"त्यांची हृदयं बरी झाली?"

"ठणठणीत."

"मग मेली कशी?"

माझी मान आपोआप खाली गेली. "बरी झाली का, ते बघायला हृदयं कापून काढावी लागली."

"कधी?"

"उपचारानंतर दोन महिन्यांनी."

हातातलं फूल तसंच धरून कुवाबारा मटकन गुडघ्यांवर बसले.

"दोन महिने मिळतात? मग मला डुकरांत धरा ना, सेन्सेई!"