सह्यांचं पान

तालुक्याहून आलेल्या ताई मंचावर महिलांच्या हक्कांवर बोलत होत्या आणि खाली सतरंजीवर महिला ग्रामसभेचं रजिस्टर फिरत होतं. पान कोरं, वर फक्त तारीख. ग्रामसेवकाने ते कौसाबाईंपुढे धरून पानाच्या खालच्या अर्ध्यावर बोट ठेवलं. “मावशी, इथं सही करा. ठराव मी मागाहून लिहितो.”

गेल्या साली कौसाबाईंनी अशीच सही केली होती. महिन्याभराने बचत गटाच्या पापडाच्या शेडला कुलूप लागलं. विचारायला गेल्या, तर हेच रजिस्टर पुढे आलं. शेड तालमीला द्यायचा ठराव आणि खाली त्यांच्याच अठरा जणींच्या सह्या. आल्या पावली परतल्या.

“बाईच्या हाताला काम मिळालं पाहिजे!” ताई गरजल्या. टाळ्या पडल्या. कौसाबाईंनी तेवढ्यात सही केली. तारखेला चिकटून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चांगली ऐसपैस. शेजारणीने ती पाहिली आणि लगेच तिच्याखाली आपली ठोकली. रजिस्टर मागे मागे सरकत गेलं.

भाषण संपल्यावर ग्रामसेवकाने वरपासून खालपर्यंत सह्यांनी भरलेलं पान पाहिलं. “अहो मावशी, आता ठराव कुठं लिहू?”

“म्होरलं पान कोरं हाय की, भाऊसाहेब.” कौसाबाईंनी स्वतःच पान उलटलं. “आमच्यासमोर लिवा, मोठ्यानं वाचत. पहिला ठराव शेडचा. सह्या मग करू.”

शाल सावरत ताई निघाल्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं. सतरंजीवरची एकही बाई उठली नव्हती.

ताई परत खुर्चीत बसल्या.