निळी रेघ

ग्रँड पियानोच्या लाकडी सांगाड्यात तारांचा ताण पेलणारी बिडाची प्लेट बसवणं, हे आमचं काम. जालन्यातल्या या शेडमध्ये मी आणि साहेबराव काका, दोघंच. प्लेटच्या खालच्या कडेला ओला निळा रंग लावायचा, साखळीनं ती उतरवायची, पुन्हा उचलायची. लाकडावर जिथं निळं उमटेल तिथं रंधा मारायचा. अखंड निळी रेघ उमटली की प्लेट बसली. मग बोल्ट कसायचे. त्यानंतर ती कुणी काढत नाही.

आज दुपारी प्लेट उतरवून उचलली, तर लाकूड कोरंच.

"संघपाल, रंग लावलाच न्हाई का?"

"लावला की, काका."

पण प्लेटच्या कडेलाही रंग नव्हता. मी पुन्हा जाडसर लावला. काकांनी साखळी सोडली. प्लेट नेहमीसारखी टेकली. वर घेतली तर लाकूड कोरं, कडही कोरडी.

काका माझ्या मानेकडं बघत राहिले.

"काय बघून राह्यले, काका?"

"शर्ट काढ."

शर्टावर डाग नव्हता. आत, दोन्ही खांद्यांवरून छातीपर्यंत, ओली निळी रेघ होती. प्लेटच्याच वळणाची. काकांनी ती शेवटपर्यंत निरखली. कुठंच तुटली नव्हती.

"बराबर बसली," ते हळूच म्हणाले.

मला नाही म्हणता आलं नाही. इतकी नीट बसलेली प्लेट मी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी प्लेट शेवटची उतरवली, पाना उचलला आणि पहिला बोल्ट कसला. माझा श्वास अर्ध्यातच अडला.

काकांनी दुसरा बोल्ट घेतला.