निरोप पोचला

वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाच्या बोटात तिच्या कंपनीची अंगठी होती. पलंगासमोर हवेत दिसणारं, नर्सला बोलवायचं बटण दाबलं, की अंगठी बोटाला हलकीशी टिचकी मारायची. आधी ही टिचकी नर्सचं उत्तर आल्यावरच बसायची, आणि तोवर रुग्ण कासावीस होऊन पुन्हा पुन्हा बटण दाबत राहायचे. म्हणून टिचकी बटण दाबल्याबरोबर बसेल, असं तिनेच करून घेतलं. रुग्ण शांत झाले. तिचं खूप कौतुक झालं.

ऑपरेशन झालेल्या बाबांना भेटायला ती आज दुपारी आली, तेव्हा त्यांची चादर ओली होती आणि ओठ सुकले होते.

"बाबा, नर्सला बोलावलं नाहीत?"

"सकाळपासून बोलावतोय. दर वेळी टिचकी बसते. म्हटलं, निरोप पोचलाय, कामात असतील बिचाऱ्या."

ती नर्सच्या टेबलाकडे धावली. बटणांपासून टेबलापर्यंतची लाइन सकाळीच बंद पडली होती. एकही निरोप आला नव्हता, आणि आज वॉर्ड शांत आहे असं समजून नर्स पलीकडच्या वॉर्डात मदतीला गेली होती.

नर्सला घेऊनच ती परतली. "बाबा, निदान हाका तरी मारायच्या."

"हाका कशाला? या शेजारच्या काकांच्या छातीत दुखत होतं, ते ओरडायलाच निघाले होते. मीच थांबवलं. म्हटलं, अंगठी माझ्या लेकीनं बनवलीय, टिचकी बसली ना, आता निवांत पडून राहा.



तेव्हापासून बघ, कसे शांत झोपलेत."