हाडाखालचा रंग

संग्रहालयाच्या बाईंनी सुरी शिळ्या पावावर दाबली आणि पातं वाकलं.

"बघा, आजी. सहाशे वर्षांपूर्वीसारखी मेजं मांडणार आहोत संग्रहालयात. पाहुणे याच सुऱ्यांनी जेवणार. पाच तपासल्या, पाचही अशाच."

सासूनं सुरी हातात घेतली. जुन्या चित्रावरून बेतलेली, हाडाची मूठ, तीन पितळी खिळे. दिसायला राजकन्या आणि कामाला लोणी.

"पाणी सुनेनं दिलंय," ती म्हणाली. "लक्ष कुठं असतं देव जाणे."

सून भट्टीशी उभी होती. बोलला तो तिचा नवरा. "मग उद्यापासून हिला खोकी बांधायला बसवू. भट्टी म्हणजे काय पोरखेळ आहे?"

सात वर्षं भट्टीवर काढलेली सून. तिनं फक्त एप्रनची गाठ सोडली.

बाई आठ दिवसांची मुदत देऊन, सगळ्या चाळीस सुऱ्या तिथंच ठेवून गेल्या.

पाणी सुनेनं दिलं होतं, हे खरंच. पाणी देणं म्हणजे लालबुंद पातं तेलात बुडवून कडक करणं, ते काम तिचं. मग तेच पातं तापल्या पत्र्यावर ठेवून कडकपणा बेतानं उतरवायचा, ते काम सासूचं. पत्र्यावर पोलाद आधी पिवळं होतं, मग निळं. पिवळ्यावर उचललं तर सुरी, निळ्यावर उचललं तर चमचा. आणि तो फिकट पिवळा सासूला वर्षभर दिसत नव्हता. मोतीबिंदूच्या डोळ्यांना सगळंच पिवळं. ती मनात आकडे मोजून पाती उचलायची. पण जिच्या नजरेचे दाखले गावभर दिले जातात, तिनं हे सांगायचं कुणाला?

पात्यांवरचा रंग घासून गेला होता. मुठीतलं पोलाद मात्र कुणी घासत नाही, तिथं तो तसाच राहतो.

"मुठी उचकटायला घेतो," मुलगा म्हणाला. "हाडं तरी वाचतील."

"मी उचकटते. तू कोळसा आण."

"कोळसा आहे की."

"तरी आण. आईला कारणं विचारायची रीत कधीपासून आली?"

तो गेला. सून न बोलावता समोर येऊन बसली. सासूनं खिळे उपटले, हाड सुटलं. सुनेनं आतलं पोलाद उजेडात धरलं.

"कोणता?" सासूनं विचारलं. एवढ्या खालच्या आवाजात ती त्या घरात कधी बोलली नव्हती.

"निळा."

तेवढ्यात मुलगा पोतं घेऊन दारात आला. "काय गं, रंग कोणता निघाला आत?"

सुनेनं पोलादावर अंगठा ठेवला. "पिवळा."

"म्हणजे पाण्यातच गेलं. बरोबर होतं आईचं." तो पोतं घेऊन मागच्या खोलीत गेला.

"असं तोंडावर खोटं बोलायला कुठं शिकलीस?" सासू कुजबुजली.

"इथंच, आई. आत्ताच."

सुनेनं पॉलिशचा कागद घेतला आणि ते निळं घासायला लागली. खसखस, खसखस. पोलाद पांढरं पडलं.

सासूनं दुसऱ्या सुरीचे खिळे उपटले, हाड बाजूला ठेवलं आणि मान वर न करता सुरी सुनेपुढं सरकवली.