सरावापुरती श्रीमंती

कझाकस्तानातल्या अल्माटीच्या दौरेनने ब्लॉकचेनवरचे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे आपोआप अमलात येणारे संगणकी करार, लिहायला शिकायचं मनावर घेतलं. बरंच डोकं खाजवल्यावर लॅपटॉपवर त्यासाठी लागणारं सगळं एकदाचं चालू झालं. सरावासाठी त्याला लुटुपुटीची खातीही मिळाली, आभासी नाण्यांनी काठोकाठ भरलेली.

नेमके तेव्हाच त्याच्या प्रेयसीचे, मेरुएर्तचे वडील, झार्कीन-अगा (तिकडे वडीलधाऱ्यांना मानाने 'अगा' म्हणतात), दारात येऊन उभे राहिले.

"बेकाराच्या घरात मी पोरगी देणार नाही. तिचा नाद सोड, हे शेवटचं सांगतोय."

बोलता बोलता त्यांची नजर पडद्यावर गेली. आकडे वाचून त्यांनी टोपी काढली आणि स्वतःच खुर्ची ओढून बसले.

"हे सगळं तुमचं, जावईबापू?"

दौरेनला मोह झाला, पण पोरगा सरळ.

"नाही हो अगा, खोटं आहे. नुसतं सरावापुरतं. लॅपटॉप बंद केला की सगळं गायब."

अगा खुर्चीतून उठले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले,



"मग लग्नाची मेजवानी उरकेपर्यंत बंद करू नका. सोयऱ्यांना एकदा बघून जाऊ दे."